छोट्या वनराईत प्लॉट किती घ्यायचे?

शहरातल्या दोन-तीन हेक्टरच्या वनराईतली झाडं नमुन्याने मोजायचं काम (म्हणजे ठरावीक मापाच्या काही तुकड्यांत, ‘प्लॉट’मध्ये, झाडं मोजून सगळ्या वनराईचा अंदाज बांधायचं) हातात आलं की सल्ला ठरलेला मिळतो: ‘दहा टक्के क्षेत्र घ्या, झालं काम.’ मलाही तोच मिळाला होता आणि अहवाल लिहिताना त्यानेच रडवलं. टक्क्यांवरून प्लॉट ठरवू नका. कोणीही सांगितलं तरी नाही.

वनराई २ हेक्टर, गोल प्लॉट ४०० चौरस मीटरचे, म्हणजे त्रिज्या ११.२८ मीटर. क्षेत्रफळाने असे ५० प्लॉट होतात. दहा टक्के म्हणजे ५. आता प्रमाण विचलन (झाडांचा आकडा प्लॉटागणिक किती वर-खाली होतो त्याचं माप, म्हणजेच चढउतार) सरासरीच्या ५० टक्के धरा. लावलेली आणि आपोआप उगवलेली झाडं एकत्र असली की एवढा चढउतार सहज असतो. मग ५ प्लॉटवर, ९५ टक्के विश्वासपातळीला (शंभरातल्या ९५ वेळा खरा आकडा मर्यादेत सापडेल अशा हिशोबाने), अंदाजाची चूक येते वर-खाली जवळपास ५९ टक्के! हेक्टरी ४०० झाडं असं तुम्ही लिहिणार, आणि खरा आकडा १६५ ते ६३५ मध्ये कुठेही असू शकतो. हाच नियम २०० हेक्टरच्या जंगलात ५०० प्लॉट देतो, म्हणून तिथे तो निभावतो. अचूकता येते ती प्लॉटच्या संख्येतून. क्षेत्राचा टक्का तिथे फारसा कामाला येत नाही. मोठ्या जंगलात घडलेले मार्गदर्शक नेमकं हेच विसरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाबरू नका, गणित शाळेतलंच आहे. आधी रँडम जागी सहा-आठ प्लॉट घेऊन चढउतार सरासरीच्या किती टक्के ते काढा (हे वाया जात नाहीत, पुढच्या संख्येत धरता येतात). चढउताराच्या टक्क्याला २ ने गुणा, चालेल तेवढ्या चुकीच्या टक्क्याने भागा, वर्ग करा. ५० टक्के चढउतार, २० टक्के चूक: २५ प्लॉट. इथे थांबू नका. जागाच ५० प्लॉटची आहे, म्हणून २५ ला १ + २५/५० ने भागा. उरले १७. लहान वनराईत ही पायरी गाळणं म्हणजे फुकटची पायपीट.

१० टक्केच चूक हवी असेल तर हाच हिशोब ३४ वर जातो. पन्नासातले चौतीस! मग सरळ सगळी झाडं मोजा. एक हेक्टरच्या आत तर मी प्लॉटचा विचारच करत नाही.

आणि कडा. चौकोनी २ हेक्टरमध्येही जवळपास ३० टक्के जागा हद्दीपासून ११.२८ मीटरच्या आत असते. तिथे प्लॉटचं केंद्र पडलं म्हणून ते आत सरकवू नका, त्याने काठची झाडं कमी मोजली जातात. केंद्रापासून झाडापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच रेषेत झाडापलीकडे तेवढंच अंतर हद्दीबाहेर जातं का ते पाहा. जात असेल तर ते झाड दोनदा धरा. कुंपणाची भिंत आडवी आली तरी चालतं, कारण झाडापासून भिंतीपर्यंत टेप लावला की उत्तर मिळतं.