फोटो पिवळे, निळे, धुवट का येतात? व्हाइट बॅलन्स आणि कॉन्ट्रास्टच्या या चुका टाळा

फोटो बिघडला की आपला हात आधी मेनूकडे जातो. रंग पिवळट दिसला तरी मेनू, फोटो धुवट दिसला तरी मेनू. मग कॉन्ट्रास्ट दोन घरं वर, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) एक घर खाली, व्हाइट बॅलन्स ‘ढगाळ’वर, आणि तासाभराने आपण काय काय बदललं हे आपल्यालाच आठवत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा कारभार. व्हाइट बॅलन्स उजेडाच्या रंगाची झाक काढतो, कॉन्ट्रास्ट उजळ आणि गडद भागांतलं अंतर वाढवतो किंवा कमी करतो. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

म्हणून काहीही फिरवण्याआधी फोटोत एखादी पांढरी किंवा करडी वस्तू शोधा. शर्टाची बाही, कागद, भिंत, काहीही चालेल. ती पिवळी, निळी किंवा हिरवी दिसत असेल तर व्हाइट बॅलन्स बघा. ती पांढरीच आहे, पण फोटोत जीव नाही किंवा सावल्या डांबरासारख्या झाल्यात, तर कॉन्ट्रास्टकडे वळा.

कालचं सेटिंग आजच्या उजेडात

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि एकदाच नाही. रात्री घरात बल्बच्या उजेडात फोटो काढताना व्हाइट बॅलन्स ‘बल्ब’वर ठेवला. सकाळी तोच कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो जरा निळसर दिसत होते, पण सकाळच्या गारव्याला शोभतंय असं वाटलं. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर चेहरे आजाऱ्यासारखे निळे. सेन्सर गेला की काय, इथपर्यंत विचार गेला. सगळे फोटो जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के करून दिलेल्या फाइलमध्ये होते, त्यामुळे दुरुस्ती जेमतेम झाली. कॅमेरा बंद केला म्हणून तो व्हाइट बॅलन्स विसरत नाही. आता कॅमेरा पिशवीत टाकताना मी तो ऑटोवर आणतो. बाहेर काढताना नव्हे, कारण तेव्हा समोर काहीतरी घडत असतं आणि घाई असते.

उलट तक्रारही येते, की व्हाइट बॅलन्सचा पर्याय दिसतो पण त्याला हात लावता येत नाही. बहुतेक वेळा डायल पूर्ण ऑटो मोडवर असतो. ‘पी’वर, म्हणजे प्रोग्रॅम मोडवर आणा, पर्याय उघडतो.

केल्विनचा आकडा उलटा वाटतो

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५५००च्या आसपास, ढगाळ आकाश ६५००, मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० ते ८०००. म्हणजे आकडा वाढेल तसा उजेड निळा. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, आणि इथेच अनेकजण गोंधळतात. तो आकडा म्हणजे ‘इथला उजेड एवढा निळा आहे’ असं आपण कॅमेऱ्याला सांगणं. तो ऐकतो आणि निळेपणा मारायला पिवळा रंग घालतो. फोटो पिवळा आलाय? आकडा खाली आणा.

शिवाय ५०० केल्विनचा फरक सगळीकडे सारखा नसतो. ३०००चे ३५०० केले तर रंग ठळकपणे बदलतो, ७०००चे ७५०० केले तर जेमतेम कळतं. याचं माप ‘मायर्ड’मध्ये करतात, दहा लाखांना केल्विनने भागायचं. पहिल्या बदलात सुमारे ४८ मायर्डचा फरक पडतो, दुसऱ्यात फक्त साडेनऊ. त्यामुळे बल्बच्या उजेडात आकडा हलक्या हाताने फिरवा.

आणि ट्यूबलाइटखाली हिरवी झाक आली असेल तर केल्विन कितीही फिरवा, ती जाणार नाही. केल्विनची पट्टी फक्त पिवळा आणि निळा यांच्यात सरकते. हिरव्याचा उतारा मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी. मेनूतल्या व्हाइट बॅलन्स शिफ्टच्या चौकटीत टिंब मॅजेंटाच्या बाजूला दोनेक घरं सरकवा.

ऑटो कुठे फसतो

ऑटो हा अंदाज असतो, आणि बऱ्याचदा चांगला असतो. मला तो टाकाऊ वाटत नाही. पण मावळतीचा केशरी उजेड त्याला चूक वाटते आणि तो ती ‘सुधारून’ ठेवतो. तिथे ‘ऊन’ किंवा ‘ढगाळ’ निवडा. फ्रेमभर हिरवळ किंवा लाल भिंत असेल तरीही तो गडबडतो, कारण वस्तूचाच रंग त्याला उजेडाचा रंग वाटतो. पॅनोरामा किंवा व्हिडिओसाठी तर ऑटो नकोच. एका तुकड्यात आकाश निळं, शेजारच्यात जांभळट, आणि जोड उघडा पडतो.

बल्बच्या उजेडात ऑटोवर थोडा पिवळेपणा राहतो, तो मात्र बिघाड नाही. घरातला ऊबदारपणा टिकावा म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांत ऑटोचे दोन प्रकार मिळतात, एक वातावरण जपणारा आणि दुसरा पांढऱ्याला प्राधान्य देणारा. निकॉनमध्येही असे पर्याय असतात. पिवळेपणा अजिबात नको असेल तर पांढऱ्याला प्राधान्य देणारा निवडा.

पांढरा कागद धरला, तरी रंग चुकला

कस्टम व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे समोरच्या उजेडाचं माप कॅमेऱ्याला स्वतः द्यायला, लोक हाताशी असलेला छपाईचा कागद धरतात. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात असं रसायन असतं, जे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. डोळ्याला तो झकास पांढरा, कॅमेऱ्याला किंचित निळा. कॅमेरा तो निळेपणा काढतो आणि सगळे चेहरे पिवळसर येतात. उन्हात हे जास्त जाणवतं. ग्रे कार्ड घ्या, ते खास रंगहीन बनवलेलं असतं.

कार्ड कुठे धरलं हेही बघा. मित्र खिडकीशी बसलाय आणि कार्ड आपण आपल्या हातात, दिव्याखाली धरलंय, तर माप दिव्याचं निघणार. ते त्याच्याच हातात द्या, हनुवटीच्या खाली, चेहऱ्यावर ज्या बाजूने उजेड पडतो तिकडे जरा वळवून. फ्रेमचा मधला भाग कार्डाने भरा. फोकस लागला नाही तरी चालतं, पण कार्ड पांढरंफटक किंवा काळं येऊ देऊ नका, नाहीतर माप चुकतं किंवा कॅमेरा ते नाकारतो. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आणखी एक गोम आहे. कार्डाचा फोटो मेनूत निवडून झाल्यावर व्हाइट बॅलन्स पुन्हा ‘कस्टम’वर न्यावा लागतो. ही दुसरी पायरी राहून जाते, आणि मग ‘कार्डाचा काही उपयोग नाही’ असं ठरतं.

एका चेहऱ्यावर दोन उजेड

डाव्या गालावर खिडकीचा उजेड, उजव्या गालावर टेबललॅम्पचा. डावा गाल बरोबर केला की उजवा हळदीसारखा, उजवा बरोबर केला की डावा निळा. इथे कुठलंही सेटिंग कामाचं नाही, कारण व्हाइट बॅलन्स सगळ्या फ्रेमला एकच लागतो. दिवा बंद करा. नाहीतर पडदा ओढा आणि फक्त दिव्यावर भागवा. फ्लॅश वापरायचाच असेल तर त्याचा उजेड उन्हासारखा असतो. खोलीत पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर केशरी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा आणि व्हाइट बॅलन्स ‘बल्ब’वर ठेवा.

ट्यूब किंवा काही एलईडी दिव्यांखाली एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंचा रंग आणि उजळपणा वेगवेगळा येतो, तेव्हाही व्हाइट बॅलन्सला दोष देऊ नका. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५०० सेकंद असेल तर प्रत्येक फोटो त्या लुकलुकण्याच्या वेगळ्या क्षणी निघतो. १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६०.

कॉन्ट्रास्ट वाढवायची घाई

भर उन्हात कॉन्ट्रास्ट वाढवणं म्हणजे आगीत तेल. तिथे मुळातच उजेड आणि सावलीत प्रचंड अंतर असतं. कॉन्ट्रास्ट +३ केला की पांढऱ्या शर्टाच्या घड्या उडतात, म्हणजे तिथे नुसता पांढरा डाग उरतो, आणि जेपेगमध्ये उडालेलं पुन्हा मिळत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. माझं मत विचाराल तर जेपेग काढणाऱ्याने उन्हात कॉन्ट्रास्ट एक-दोन घरं खालीच ठेवावा. नंतर वाढवणं सोपं असतं.

कॉन्ट्रास्ट बदलूनही फरक पडत नसेल तर दुसरं कोणी उलट ओढतंय का ते बघा. कॅननचा ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीचं डीआरओ, हे सगळे सावल्या उजळतात. तुम्ही सावल्या गडद करताय, कॅमेरा त्या वर उचलतोय. दोघांपैकी एकालाच काम करू द्या.

रॉ काढणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. कॅमेऱ्यावर फोटो चमकदार, संगणकावर फिका. कॅमेऱ्याचा पडदा रॉ फाइल दाखवत नाही, तिच्यासोबतचा छोटा जेपेग दाखवतो, आणि तुमचा कॉन्ट्रास्ट त्याच्यावर लागलेला असतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद भागांचा आलेख, तोही त्याच जेपेगचा. त्यामुळे कॉन्ट्रास्ट चढवून ठेवला असेल तर उजळ भाग उडाल्याची सूचना उगाच लुकलुकते आणि आपण एक्स्पोजर विनाकारण कमी करतो. रॉसाठी कॅमेऱ्याची ‘न्यूट्रल’ ही सौम्य पिक्चर स्टाइल ठेवा.

जेपेगच फिके दिसत असतील तर फाइलचं नाव वाचा. अनेक कॅमेऱ्यांत नाव अधोरेषेने सुरू होत असेल तर कलर स्पेस (फाइलमधले रंग मांडायची पद्धत) ॲडोबी आरजीबीवर गेलेली असते, आणि बरीच ॲप्स ती नीट दाखवत नाहीत. एसआरजीबीवर परत आणा. तेही नसेल तर लेन्सची काच उजेडाकडे तिरकी धरा. बोटाचा एक तेलकट ठसा समोरून येणाऱ्या उजेडात सगळा फोटो धुवट करतो, आणि कुठलाही मेनू तो पुसत नाही.

एका मित्राचे फोटो असेच ‘पिवळे’ येत होते. व्हाइट बॅलन्स तपासला, ठीक. कार्डाने माप घेतलं, ठीक. मला फाइल पाठवल्या, माझ्याकडे त्या चक्क निळ्या. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याच्या संगणकाचा पडदा दररोज संध्याकाळी आपोआप पिवळा होत होता, आणि त्या पडद्यावर बसून त्याने चाळीसेक फोटो निळे करून ठेवले होते.