हॉटेलला थेट माल द्यायचाय? रब्बीची पेरणी टप्प्याटप्प्यानं करा

यंदा जवळच्या हॉटेलला किंवा खानावळीला थेट भाजी द्यायचा विचार असेल, तर बियाणं आणण्याआधी तिथल्या आचाऱ्याला भेटा. रोज काय लागतं, कुठल्या वारी गर्दी असते, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. मार्केटला एका दिवसात पाचशे जुड्या खपतील. हॉटेलला वीसच लागतात, पण रोज लागतात.

म्हणून मेथीचा अख्खा प्लॉट एकदम पेरू नका. गुंठा-दोन गुंठ्यांचे वाफे पाडा आणि दर आठ दिवसांनी एक वाफा पेरा. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. कोथिंबिरीला ४० दिवस धरा, थंडी वाढली की आणखी थोडे. धने फोडून रात्रभर भिजवून पेरले की उगवण एकसारखी होते. पालक एकदा लावला की १५ ते २० दिवसांनी पुन्हा कापायला मिळतो.

सणांचा हिशेब आत्ताच मांडा. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यानं ते पुन्हा सुरू करतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वांग्याची लागवड झाली असेल, तर तुमचा माल त्या मागणीला सापडेल. भोगीच्या भाजीसाठी गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मटार नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरा. हुरड्यासाठी राहुरी कृषी विद्यापीठाचा 'फुले मधुर' हा ज्वारीचा वाण किंवा तुमच्याकडची सुरती, गूळभेंडी घ्या. कणीस हुरड्यात जेमतेम आठवडाभर राहतं, नंतर दाणा कडक होतो. त्यामुळे ज्वारीही दोन-तीन टप्प्यांत पेरलेली बरी.

हॉटेलचा विश्वास बसतो तो तोडणीवर. भरताचं वांगं अंगठ्यानं हलकं दाबून बघा: दबून लगेच वर आलं तर कोवळं, चकाकी गेलेली असेल तर आत बी धरलेलं. असं एक जून वांगं भाजलं तरी सगळं भरीत कडवट होतं, आणि आचारी ते विसरत नाही. देठ ठेवूनच तोडा. पालेभाजी दव उतरल्यावर काढा आणि गोणीत न कोंबता क्रेटमध्ये उभी रचा. धुऊन ओली पाठवलीत तर दुपारपर्यंत पानं सडायला लागतात. फवारणी केली असेल, तर औषधाच्या लेबलवरचे काढणीपूर्वीचे दिवस संपेपर्यंत तो वाफा तोडू नका, हॉटेलचे कितीही फोन आले तरी. त्यासाठी वाफ्यावार फवारणीची वही ठेवा.

भावाचं बोलणं आधीच करून घ्या. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकता येतो, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. अडचण येते ती भाव पडल्यावर किंवा कडाडल्यावर. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव मिळतात. त्यांची आठवड्याची सरासरी धरून वर ठरावीक रक्कम, हा दोघांनाही परवडणारा मार्ग आहे. वजन निवडलेल्या मालाचं की जुडीचं, नाकारलेला माल कोणाचा, पैसे किती दिवसांनी, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. उधारी पंधरा दिवसांवर जाऊ देऊ नका.

पाच-सहा किलोसाठी रोज गाडी काढणं परवडत नाही. वाटेवरच्या चार-पाच जणांनी मिळून एकच टेम्पो लावा आणि कोण काय पिकवणार हे वाटून घ्या. पहिल्या हंगामात हॉटेलसाठी अर्ध्या एकरापेक्षा जास्त क्षेत्र अडकवू नका. बाकीचा माल नेहमीच्या आडत्याकडे जाऊ द्या; हॉटेलनं चार दिवस माल थांबवला, तर तोच उपयोगी पडतो.