माणसाच्या वागण्याच्या चित्रफिती मुलांना कशा दाखवाव्यात

चतुर्थीला गोव्यातील मूळ घरी सगळे भाऊबंद जमतात आणि जेवणे आटोपली की मुले मोबाईलभोवती गोळा होतात. माणसाच्या वागण्याविषयीच्या गमतीदार चित्रफिती दाखवण्यासाठी ही वेळ उत्तम असते. मात्र उत्तर उघड होण्याआधी चित्रफीत थांबवून प्रत्येकाकडून आपला अंदाज कागदावर लिहून घ्यावा. तसे न केल्यास उत्तर कळताच 'हे मला ठाऊकच होते' असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते आणि विचार तिथेच थांबतो. पावसात रेंज जात असल्याने चित्रफिती आधीच उतरवून ठेवाव्यात.

सुरुवात मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये मांडलेल्या भासापासून करावी. पडद्यावरचे ओठ 'ग' म्हणत असतात, ध्वनी 'ब'चा असतो आणि अनेकांना 'द' ऐकू येतो. अर्ध्या मुलांना डोळे मिटायला सांगावे, म्हणजे एकाच खोलीत दोन वेगळी उत्तरे येतात आणि जो वाद रंगतो, तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा असतो.

सायमन्स आणि चॅब्रिस यांच्या 1999 च्या प्रयोगात पांढऱ्या कपड्यांतील खेळाडूंनी एकमेकांना दिलेले चेंडू मोजायचे असतात आणि मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या लोकांना मधून चालत जाणारा गोरिलाच्या वेशातील माणूस दिसतच नाही. ही चित्रफीत एकदाच उपयोगी पडते, म्हणून शीर्षक झाकावे आणि ज्यांनी ती पूर्वी पाहिली आहे त्यांना पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे निरीक्षण करायला बसवावे.

मिठाई समोर ठेवून मुलाचा संयम पाहणाऱ्या चित्रफिती गोड असतात, परंतु थांबू शकणारे मूल पुढे यशस्वी होतेच, हा त्यांतील दावा तपासून घ्यावा. 2018 च्या मोठ्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. नेवरी (करंजी) लगेच खाणाऱ्या लेकराला त्यावरून कोणी बोल लावू नये.

शेवटी स्वतः प्रयोग करावा. मानसशास्त्रज्ञ मिलग्राम यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका माणसाला वरच्या खिडकीकडे पाहत उभे केले, तेव्हा सुमारे 4 टक्के वाटसरू थांबले. पंधरा जण उभे केल्यावर 40 टक्के थांबले. म्हापशाच्या बाजारात अनोळखी लोकांचे त्यांना न विचारता चित्रीकरण करणे योग्य नाही, त्यामुळे हा प्रयोग घरच्या अंगणात, आधी एका आणि मग पाच मुलांना आढ्याकडे पाहायला लावून करावा. गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली मात्र तो करू नये, कारण तिथे प्रत्येक जण वर पाहतोच.