कयाक वाऱ्यात वळायची, त्यावर सापडलेला उपाय

बेत असा होता: नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याखाली उतरायचं, गोदावरीतून कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी बोट, कोपरगावकडे वल्हवत न्यायची, मुक्काम काठावर. वरचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, शिवाय रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), म्हणून तो सोडला.

सामान लादून गंगापूर धरणाच्या पाण्यात कयाक आधी चालवून पाहिली. दुपारचा आडवा वारा सुटला की तिचं तोंड सारखं वाऱ्याकडे फिरायचं आणि एकाच बाजूने वल्हवून खांदा भरून यायचा. कारण सोपं होतं. पुढच्या बाजूला वजन जास्त, मागचं टोक हलकं. वारा मागचंच ढकलत नेतो.

तंबू आणि शिधा मागे सरकवला. थोडंच हं! मागे फार भरलं की बोट उलट वाऱ्यापासून दूर पळते.

खरी गंमत पाण्याची. नाशिकखालची गोदावरी मी तरी पिणार नाही, त्यामुळे प्यायचं पाणी बरोबर. दोघांना रोज ८ लिटर, म्हणजे ८ किलो, आणि ते रोज कमी होणार. मोठा कॅन मागे ठेवला तर दुसऱ्याच दिवशी तोल बदलतो. म्हणून दोन-दोन लिटरच्या बाटल्या सीटच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना, जाळीत घट्ट बांधल्या. प्यायच्या आळीपाळीने, एक डावीकडची, एक उजवीकडची.

आता कयाक सरळ जाते. निघण्याआधी धरणाच्या आवर्तनाची, म्हणजे नदीत पाणी सोडण्याची, तारीख मात्र विचारून घ्या. तंबू पाण्यापासून बराच वर लावा.