ठिबकच्या ड्रिपरचा घातांक लॉग-लॉग आलेखावरून कसा काढावा

रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबक सर्रास दिसतं. त्यातला एक साधा, दाब-नियंत्रित नसलेला ड्रिपर घातांकी नियमाच्या प्रयोगाला उत्तम. नियम असा: प्र = क × द^घ. प्र म्हणजे प्रवाह (लिटर/तास), द म्हणजे दाब (किलो/चौ.सेमी), क हा स्थिरांक, घ हा घातांक. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की

लॉग प्र = लॉग क + घ × लॉग द

ही सरळ रेषा; तिचा चढ म्हणजे घ.

दाब समान पटीने वाढवा: ०.२५, ०.५, १, २. समान अंतराने घेतले तर बिंदू उजवीकडे दाटतात आणि रेषा डावीकडच्या एकट्या बिंदूच्या हवाली होते. दाबमापक ड्रिपरच्या शेजारी, त्याच उंचीवर हवा. ०.२५ साठी मात्र मापकापेक्षा टाकी बरी: पाण्याची पातळी ड्रिपरच्या २.५ मीटर वर ठेवा. दर दाबाला ३ मिनिटं पाणी मोजपात्रात धरा. मिलिलिटरला ५० ने भागलं की लिटर/तास.

समजा १००, १४१, २००, २८३ मिलि भरलं. प्रवाह २, २.८२, ४, ५.६६. चढ काढायला रेषेवरचे दोन लांबचे बिंदू घ्या, वाचनं नव्हेत:

घ = लॉग(५.६६/२) ÷ लॉग(२/०.२५) = ०.४५२ ÷ ०.९०३ = ०.५

म्हणजे प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पट्टीने मोजून चढ काढायचा तर दोन्ही अक्षांवर एका दशकाची (०.१ ते १, १ ते १० अशा दहापट टप्प्याची) लांबी सारखीच हवी.

क वाचताना बरेच जण चुकतात. कागदाच्या डाव्या कडेला रेषा जिथे भेटते ते क नव्हे; द = १ वरची किंमत ती क, इथे ४. दाब पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये घेतला तर क बदलून १.२६ होतो, घ तोच राहतो.

०.२५ सुद्धा मापकानेच घेतलं असेल आणि रेषा खालच्या टोकाला खाली वाकली तर आधी मापकाचं शून्य तपासा. शून्य दाबाला तो ०.०५ दाखवत असेल तर ०.२५ वर वीस टक्के चूक, २ वर जेमतेम अडीच. घ फुगून ०.५५ च्या आसपास येतो. एक्सेलची ‘पॉवर’ रेषा हा बाक झाकून टाकते, म्हणून बिंदू डोळ्यांनी पाहाच.

लांब, अरुंद मार्गाच्या ड्रिपरमध्ये घ १ कडे झुकतो. तिथे पाण्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा आतला विरोध, जो पाणी तापलं की कमी होतो) मध्ये येते, म्हणून वैशाखात उन्हात पडलेल्या काळ्या नळीतून येणारं तापलेलं पाणी जास्त वाहतं. सगळी वाचनं एकाच तापमानाला घ्या. दाब-नियंत्रित ड्रिपरची रेषा ठराविक दाबानंतर जवळजवळ आडवी होते. तिथे दोन तुकड्यांना मिळून एकच रेषा ओढू नका.