कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं कुठं ठेवायची आणि पोरं कुठं बसवायची?

नवीन रॅक मागवायच्या आधी सोल नाहीतर कोहा, जे लायब्ररीचं सॉफ्टवेअर असेल त्यातून देवघेवीचा रिपोर्ट काढा आणि पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं वेगळी करा. लगेच रद्दीत नको हां! कोल्हापूर संस्थानावरची जुनी पुस्तकं कुणी मागत नसलं तरी ठेवायचीच, परत मिळत नाहीत ती. जुन्या सिलॅबसच्या ढीगभर कॉप्या मात्र समितीची मंजुरी घेऊन खुशाल बाद करा.

उरलेल्यांसाठी कॉम्पॅक्टर. रॅक रुळावर सरकून एकमेकांना चिकटतात, मधल्या गल्ल्या वाचतात, साधारण निम्म्या जागेत तेवढीच पुस्तकं बसतात. पण खरी मेख वजनात आहे. आयएस 875, म्हणजे इमारतीवरच्या वजनाचं भारतीय मानक, त्यानुसार वाचनखोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 300-400 किलो धरून करतात, साध्या स्टॅकरूमला (नुसत्या पुस्तकांच्या रॅकची खोली) 600 च्या आसपास लागतात आणि कॉम्पॅक्टर त्याच्याही वर जातो, त्यामुळं वरच्या मजल्यावर टाकायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. मग तळमजला बरा म्हणाल तर 2019 आणि 2021 ला पंचगंगेनं काय केलं ते आठवा, पूररेषेजवळ असाल तर खाली टेबलंच लावा. पावसाळ्यात ओल येते म्हणून रॅक भिंतीला चिकटवू नका, खालचा कप्पाही फरशीपासून वर ठेवा.

खिडक्या पोरांना द्या, पुस्तकं आत सरकवा, उन्हानं बाइंडिंग जातंय. प्रत्येक टेबलापाशी प्लग पाहिजेच, आणि ग्रुपनं बडबडणाऱ्यांना दार लागेल अशी वेगळी खोली.