हिरवा सिग्नल म्हणजे परवानगी नव्हे: जुन्या अमेरिकी रेल्वेचे वेळापत्रक वाचताना या चुका टाळा

१९४०-५० च्या दशकांतील अमेरिकी रेल्वेचे वेळापत्रक वाचताना किंवा त्या काळच्या मार्गाचे मॉडेल चालवताना आपली पहिली फसगत 'लाइन क्लिअर'च्या सवयीमुळे होते. आपल्याकडे पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. तिकडच्या अनेक एकेरी (दोन्ही दिशांच्या गाड्यांना एकच रूळ असलेल्या) मार्गांवर मात्र धावण्याचा हक्क छापील वेळापत्रकातून आणि डिस्पॅचरच्या, म्हणजे गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लेखी आदेशातून, म्हणजे ट्रेन ऑर्डरमधून, मिळत असे.

अशा मार्गावर स्वयंचलित ब्लॉक सिग्नल असले तरी ते हक्क देत नसत, केवळ संरक्षण देत. सिग्नल हिरवा दिसला म्हणून समोरून येणाऱ्या वरिष्ठ, म्हणजे आधी जाण्याचा हक्क असलेल्या, गाडीच्या ठरलेल्या वेळेत कनिष्ठ गाडी पुढे काढणे हा नियमभंगच होता. सिग्नलच परवानगी ठरेल अशी केंद्रीय नियंत्रण पद्धत न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीने १९२७ मध्ये ओहायोत सुरू केली. पण ती जिथे बसवली तिथपुरतीच लागू होती, हे विसरू नये.

सर्वाधिक घोळ उशिराच्या गाडीबाबत होतो. पहिल्या वर्गाची गाडी तीन तास उशिरा असली, तरी तिचा हक्क संपत नाही. नेमलेल्या वेळेनंतर बारा तास उलटेपर्यंत तो टिकतो, आणि तोवर दुसऱ्या वर्गाच्या गाडीने साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबायचे. तुमचे मॉडेल अशा ठिकाणी अडले, तर वेळापत्रकात खाडाखोड करू नका, कारण तिथे उणीव आदेशाची असते: भेटीचे ठिकाण बदलणारा किंवा 'अमुक गाडी इतकी उशिरा धावेल' असे सांगणारा आदेश दोन्ही गाड्यांना द्या. सही घेऊन द्यायचा ३१ क्रमांकाचा नमुना वापरलात, तर गाडी थांबवावीच लागेल. १९ क्रमांकाचा आदेश मात्र कर्मचारी धावत्या गाडीतून, स्टेशनवरून पुढे धरलेल्या कडीवरून उचलत.

डिझेलने एक नवा गोंधळ आणला. एकाच चालकाच्या ताब्यात जोडलेली चार युनिटे नियमांच्या दृष्टीने एकच इंजिन होत, चार नव्हेत.

जुन्या छायाचित्रांत इंजिनाच्या कपाळावरचे दिवेही असेच चकवतात. पांढरे दिवे म्हणजे वेळापत्रकाबाहेरची जादा गाडी. हिरवे दिसले की 'मार्ग मोकळा' असे नवखे वाचतात, पण त्यांचा अर्थ एवढाच की, याच गाडीचा आणखी एक भाग, म्हणजे याच वेळापत्रकावर धावणारी वेगळी गाडी, याच हक्काने मागून येत आहे, आणि साइडिंगमधल्या गाडीने अजून हलायचे नाही.